चौदाव्या दिवसाची गोळी

आरोग्य खात्यात सांख्यिकीच्या टेबलावर मी बावीस वर्षे काढली आणि त्यांतला बहुतेक काळ बेरजा करण्यात गेला. उपकेंद्रांचे मासिक अहवाल प्राथमिक आरोग्य केंद्रात एकत्र होत, तिथून ते तालुक्याला येत, तालुक्याची बेरीज जिल्ह्याला जाई, आणि ती वेळेत गेली नाही तर फोन येत. २००८ नंतर हेच आकडे संगणकावर भरले जाऊ लागले. फोन मात्र थांबले नाहीत. एवढ्या वर्षांत एखादी नवी पद्धत लोकांच्या घरात खरोखर वापरली जाते की नाही, हा प्रश्न मला एकदाही अधिकृतपणे विचारला गेला नाही. विचारले गेले ते किती वाटप झाले, किती जणांना प्रशिक्षण दिले आणि उद्दिष्टाच्या किती टक्के काम झाले, एवढेच. आणि मीही त्याहून वेगळे काही विचारायचे असते, असे कधी मानले नाही. निवृत्तीनंतर एका लहानशा अभ्यासगटाबरोबर मी धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या घरांत जाऊन बसू लागलो, तेव्हा आपण आयुष्यभर जे मोजले ते नेमके काय होते, याचा हिशेब नव्याने मांडावा लागला. तो हिशेब अजून पूर्ण झालेला नाही, पण जेवढा जुळला आहे तेवढा इथे लिहून ठेवतो.

पहिले घर शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावातले होते. पावसाळा सुरू होऊन महिना झाला होता. घरात दीड वर्षाचा मुलगा होता, त्याला पंधरा दिवसांपूर्वी जुलाब झाले होते आणि आशाताईंनी ओआरएसची पाकिटे व झिंकच्या चौदा गोळ्यांची पट्टी दिली होती. आशाताईंच्या डायरीत तशी नोंद होती, गटप्रवर्तकांच्या अहवालात ती मिळवलेली होती, आणि तालुक्याच्या बेरजेत हा मुलगा झिंक मिळालेल्या बालकांत जमा झालेला होता. मी त्या माउलीला पट्टी दाखवायला सांगितली. तिने वाशाला अडकवलेल्या पिशवीतून ती काढून दिली. नऊ गोळ्या शिल्लक होत्या. मी काही बोलण्याआधी तीच म्हणाली, "आबा, पोऱ्या तिसरा दिन बरा व्हई गया, मंग गोया कसाले देवान्या?" शेजारी उभ्या असलेल्या आशाताईंचा चेहरा उतरला. मला मात्र त्या प्रश्नात चूक काढण्यासारखे काही दिसले नाही. आजार गेल्यावर औषध थांबवणे ही घरातली साधी व्यवहारबुद्धी आहे, आणि पैसे मोजून डॉक्टरकडे जाणारी माणसेही तेच करतात.

झिंकच्या बाबतीत ही व्यवहारबुद्धी नेमकी आड येते. २००४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी संयुक्त निवेदन काढून मुलांच्या अतिसारात कमी ऑस्मोलॅरिटीचे, म्हणजे मीठ-साखरेचे प्रमाण कमी केलेले, ओआरएस आणि त्याच्या जोडीला दहा ते चौदा दिवस झिंक देण्याची शिफारस केली. आपल्या कार्यक्रमात हा काळ चौदा दिवसांचा धरला जातो. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, त्याहून लहान बाळाला अर्धी, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून. त्यामुळे चालू दुखणे साधारण एक चतुर्थांशाने लवकर आटोपते. आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब लागण्याची शक्यता कमी होते. पहिला लाभ आईला डोळ्यांनी दिसतो. दुसरा दिसतच नाही, कारण तो न झालेल्या आजाराच्या रूपात असतो. सहाव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंतच्या गोळ्या या न दिसणाऱ्या लाभासाठी असतात, आणि त्याच गोळ्या वाशाला टांगलेल्या पिशवीत राहतात.

म्हणून "झिंक दिले" या दोन शब्दांचे किमान तीन अर्थ होतात, हे मला वयाच्या साठाव्या वर्षी कळले. पट्टी उपकेंद्रातून बाहेर पडली, पट्टी घरात पोहोचली, आणि चौदा दिवस रोज एक गोळी मुलाच्या पोटात गेली. अहवाल पहिल्या अर्थाने लिहिला जातो, वरिष्ठ तो दुसऱ्या अर्थाने वाचतात, आणि मुंबईत बसून योजना आखणारा माणूस तिसरा अर्थ गृहीत धरून चालतो. यात खोटे कोणीच बोललेले नसते.

या विषयावर १९७८ साली तानाहाशी नावाच्या अभ्यासकाने जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये एक मांडणी केली होती, जी आजही मला सर्वांत उपयोगी वाटते. त्यांनी आरोग्यसेवेच्या व्याप्तीच्या पाच पायऱ्या केल्या. सेवा उपलब्ध आहे का, लोकांना तिथवर पोहोचता येते का, ती लोकांना पटण्यासारखी आहे का, लोक प्रत्यक्ष तिच्या संपर्कात आले का, आणि शेवटी ती ज्या रीतीने मिळायला हवी त्या रीतीने मिळून तिचा गुण आला का. प्रत्येक पायरीवर काही माणसे गळतात. समजा, प्रत्येक पायरीवर शंभरातले ऐंशी पुढे सरकतात. ऐंशी टक्के हा आमच्या आढावा बैठकीत शाबासकी मिळवून देणारा आकडा आहे. तरी पाचव्या पायरीवर शंभरातले जेमतेम ३३ उरतात. प्रत्येक पायरीवर नव्वद धरले तरी ५९. हे गणित चौथीच्या मुलाला येईल असे आहे, पण आमच्या नमुन्यांमध्ये पाच पायऱ्यांसाठी पाच रकाने कधी नव्हते. सगळ्यांत वरच्या पायरीचा एकच रकाना होता आणि त्यात नव्वद भरले, की खालच्या चारही पायऱ्या नव्वदच्याच आहेत असे समजून चहा मागवला जाई.

आता आम्ही उलट्या दिशेने चालतो. घरातून सुरुवात करायची, मग आशाताईंची पिशवी पाहायची, मग उपकेंद्राचे कपाट, मग आरोग्य केंद्राचे भांडार, आणि सर्वांत शेवटी कागद. कागद आधी पाहिला, की डोळे त्याच्याशी जुळणारे तेवढेच शोधू लागतात, हा माझा स्वतःविषयीचा अनुभव आहे.

घरात विचारपूस करण्याचीही एक रीत आम्हाला चुका करत करत सापडली. "ओआरएस कसे करता?" असे विचारले की उत्तर पाठ असते: एक लिटर पाणी, एक पाकीट, चोवीस तासांनंतर फेकून द्यायचे. अतिसार नियंत्रण पंधरवड्यात, म्हणजे २०१४ पासून देशभर चाललेल्या मोहिमेत, पाच वर्षांखालील मूल असलेल्या घरी आजार येण्याआधीच पाकीट पोहोचवले जाई आणि त्याबरोबर हे वाक्यही पोहोचले आहे. परंतु "करून दाखवा" असे म्हटले की चित्र बदलते. एका घरी आजीबाईंनी अत्यंत नेटकेपणाने तांब्या घासला, पाणी गाळले आणि पूर्ण पाकीट त्यात रिकामे केले. आमच्याकडे पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली होती. तांब्यातले पाणी बाटलीत ओतून पाहिले तर अर्ध्याच्या जरा वर आले. म्हणजे द्रावण जवळपास दुप्पट दाट झाले होते. असे दाट द्रावण मुलाला गोड-खारट लागून नको होते, ते तोंड फिरवते, आणि त्यात मीठ-साखर प्रमाणाबाहेर असल्याने जुलाब वाढण्याचा धोकाही असतो. आजीबाईंना लिटर ठाऊक नव्हते असे अजिबात नाही. दूध त्या लिटरनेच घालत होत्या. पण दुधाचे माप डेअरीत असते, घरात तांब्या असतो. पाकिटावर लिटर छापणाऱ्याने घरातली भांडी पाहिलेली नव्हती. त्या दिवसापासून त्या गावातल्या आशाताई पाकिटाबरोबर "बिसलेरीची मोठी बाटली भरून" (म्हणजे एक लिटरची) असे सांगतात, आणि तशी बाटली आता प्रत्येक घरात असतेच.

दुसरी गोष्ट उलटीची. बऱ्याच माउल्या सांगत की झिंकची गोळी दिली की मूल उलटी करते, म्हणून थांबवली. माझ्या नोकरीच्या काळात अशी तक्रार आली की आम्ही ती "गैरसमज" या सदरात टाकत असू आणि उपाय म्हणून समुपदेशन लिहीत असू. २०२० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये भारत आणि टांझानियातल्या सुमारे साडेचार हजार मुलांवर केलेल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. २० मिलिग्रॅमऐवजी १० किंवा ५ मिलिग्रॅम झिंक दिले तरी जुलाबावर गुण तेवढाच येतो आणि उलट्या कमी होतात, असे त्यात दिसले. माउल्या जे सांगत होत्या ते खरे होते. आम्ही त्यांच्या तक्रारीला गैरसमज म्हटले, कारण आमच्या नमुन्यात "औषधामुळे त्रास झाला का" हा रकाना नव्हता. आणि ज्याला रकाना नसतो ते घडतच नाही, अशी कचेरीची एक श्रद्धा असते. माझीही होती.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. नवी पद्धत ठरल्याबरहुकूम पाळली गेली का, हे मोजणे मूल्यमापनाचे पहिले काम आहे; पण प्रत्येक फरक म्हणजे बिघाड असतो का? धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर आशाताईंनी झिंक देताना घराच्या कुडावर कोळशाने चौदा उभ्या रेघा ओढून ठेवल्या होत्या आणि आईला सांगितले होते की गोळी दिली की एक रेघ पुसायची. त्या आईने आशाताईंना पावरी बोलीत काय सांगितले ते मला कळले नाही, पण आम्ही गेलो तेव्हा कुडावर तीनच रेघा उरल्या होत्या आणि पट्टीतही तीनच गोळ्या होत्या. मार्गदर्शक सूचनांत कोळशाच्या रेघांचा उल्लेख नाही. आमच्या तपासणीच्या कागदावर "सूचनांप्रमाणे समुपदेशन: होय/नाही" असा रकाना होता, आणि कडक तपासनीस असता तर त्याने नाही लिहिले असते, कारण छापील कार्ड दाखवलेले नव्हते. मी होय लिहिले आणि समासात रेघांविषयी चार ओळी खरडल्या. त्या चार ओळी हाच त्या दिवसाचा खरा निष्कर्ष होता, असे माझे मत आहे. गाभा कोणता आणि कवच कोणते हे आधी ठरवले, तर असे फरक तोलता येतात. चौदा दिवस आणि रोजची मात्रा हा गाभा. कार्ड, रेघ, बाटली, बोली हे कवच. गाभा बदलला तर औषध बदलले. कवच बदलले तर बहुधा कोणीतरी विचार केलेला असतो.

कवचाचे मोल जाणणारा माणूस म्हणून मला डॉ. दिलीप महालनोबिस आठवतात. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा त्यांनी मीठ, साखर आणि खायचा सोडा यांचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती ते पाजण्याचे काम दिले. तिथला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ३ टक्क्यांच्या आसपास आला. त्या पाण्याला त्यांनी "ओरल सलाईन" म्हटले, कारण सलाईन हा शब्द लोकांना माहीत होता आणि त्यावर त्यांचा विश्वास होता. आमच्या खान्देशात आजही बाटली चढवल्याशिवाय अंगात ताकद येत नाही, असे मानणारी घरे गावोगाव आहेत, आणि मूल जुलाबाने मलूल झाले की त्याला सरकारी दवाखान्यातल्या ओआरएस कॉर्नरवर बसवण्यापेक्षा बाटली लावणाऱ्या डॉक्टरकडे मोटारसायकलवरून नेले जाते. पन्नास वर्षांपूर्वी एका डॉक्टराने नावाचा जो विचार केला, तो आपण पाकिटावर इंग्रजी तीन अक्षरे छापताना केलेला नाही.

एवढे सगळे नीट जमले तरी आणखी एक खाच राहते. पद्धत बरहुकूम पाळली गेली आणि तरीही परिणाम दिसला नाही, असेही होऊ शकते. याचे सर्वांत प्रामाणिक उदाहरण आपल्याच देशातले आहे. उत्तर प्रदेशातल्या २४ जिल्ह्यांत, १२० आरोग्य केंद्रांत, सुरक्षित प्रसूतीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेल्या तपासणी यादीची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या केंद्रांत परिचारिकांच्या सोबतीला मार्गदर्शक देऊन हात धुणे, रक्तदाब पाहणे, बाळाला त्वचेला त्वचा लावून ठेवणे अशा गोष्टी यादीप्रमाणे करून घेतल्या गेल्या. सुरुवातीच्या दोन महिन्यांनंतर या केंद्रांत आवश्यक कृतींपैकी सरासरी ७३ टक्के कृती केल्या जात होत्या. उरलेल्या केंद्रांत ४२ टक्के. मार्गदर्शकांच्या भेटी आठ महिन्यांनी थांबल्या. बाराव्या महिन्यात हे आकडे ६२ आणि ४४ झाले. आणि दीड लाखाहून अधिक माता-बालकांच्या नोंदी पाहिल्यावर मृत्यू व गंभीर गुंतागुंत यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. दोन्हीकडे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होते.

हा निष्कर्ष प्रथम वाचला तेव्हा माझी चरफड झाली, कारण आमच्या बैठकांत ४२ चे ७३ झाले असते तर पेढे वाटले असते. मग लक्षात आले की त्या अभ्यासाने दोन वेगळे प्रश्न वेगळे ठेवले. कृती वाढली का? वाढली. मृत्यू कमी झाले का? नाही. केवळ मृत्यू मोजले असते तर "यादी वापरलीच गेली नसेल" असे म्हणून सगळे सुटले असते. केवळ कृती मोजल्या असत्या तर योजना यशस्वी ठरून देशभर गेली असती. दोन्ही मोजल्यामुळे पुढचा प्रश्न विचारता आला: कृतींतले हे अंतर मृत्यू कमी करण्याइतके मोठे होते का, की बाळंतपण अडल्यावर रक्त, शस्त्रक्रिया आणि वेळेवर वाहन मिळण्याची जी साखळी लागते तीच तुटलेली होती? शिवाय मार्गदर्शकांची सोबत संपल्यावर ७३ चे ६२ झाले ही घसरणही मोजली गेली. आमच्याकडे प्रशिक्षण संपले की मूल्यमापन संपते, त्यामुळे घसरण कधी दिसतच नाही.

गडचिरोलीचे उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या "सर्च" संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत उभी केली, आणि १९९९ साली लॅन्सेटमध्ये तिचे निष्कर्ष आले. नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ साली देशभर आशाताईंमार्फत गृहभेटींचा कार्यक्रम सुरू झाला. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर सहा भेटी, घरी झाले असेल तर सात. गडचिरोलीत त्या स्त्रिया जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाची इंजेक्शनेही देत होत्या. राष्ट्रीय कार्यक्रमात आशाताईंच्या कामातून तो भाग वगळला गेला. तो वगळण्याची कारणे असतील, मी त्यावर वाद घालत नाही. पण नाव तेच राहिले, गाभ्यातला एक तुकडा गेला, आणि तरीही जुन्या ६२ टक्क्यांची अपेक्षा भाषणांतून ऐकू येत राहिली. आणि आमच्या जिल्ह्यात जे मोजले जाते ते काय? भेटींचे अर्ज. एका उपकेंद्रात मी सहा भेटींचे अर्ज पाहिले. सहाही भेटींत बाळाचे तापमान एकच होते, शेवटच्या दशांशापर्यंत. मी ते बाजूला ठेवले आणि आशाताईंना थर्मामीटर मागितला. सेल संपून आठ महिने झाले होते. तिने मागणी दोनदा लेखी दिली होती आणि तिच्याकडे त्याची नक्कलही होती.

खान्देशात काम करणाऱ्याला छेदाचा प्रश्न टाळता येत नाही. टक्केवारीत वर काय लिहायचे यावर आम्ही भांडतो, खाली काय लिहायचे ते वर्षाच्या सुरुवातीला लोकसंख्येवरून काढलेल्या अंदाजाने ठरून येते. दिवाळी झाली की नंदुरबार आणि धुळ्याच्या पश्चिम भागातली कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत, बारडोली-सुरतेकडे जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्याबरोबर दोन-तीन मुले. पाड्यावर म्हातारी माणसे आणि शेळ्या उरतात. मुले पडावावर, म्हणजे ऊसतोडीच्या तळावर, असतात, जिथे आमची आशाताई जात नाही आणि तिथल्या आशाताईंच्या यादीत त्यांची नावे नसतात. मग होळी येते. काठी गावची राजवाडी होळी असो की होळीआधीचा भोंगऱ्याचा बाजार, सातपुड्यातला माणूस कुठेही असला तरी होळीला घरी परततो, आणि ओसाड पाडा दोन दिवसांत भरून जातो. जानेवारीत केलेले सर्वेक्षण आणि मार्चमध्ये केलेले सर्वेक्षण यांत एकाच पाड्याचे दोन पाडे होतात. जानेवारीत घरी सापडतात ती स्थलांतर न करणारी, त्यातल्या त्यात बऱ्या स्थितीतली कुटुंबे, आणि त्यांच्यावरून काढलेले प्रमाण हमखास चांगले येते.

एका तालुक्याच्या कार्यालयात, मी नोकरीत असताना, एका लसीचे काम १०४ टक्के झाल्याचा तक्ता माझ्याच हातून तयार झाला होता. अंदाजे छेद लहान होता, बाहेरून माहेरपणाला आलेल्या लेकींची बाळे अंशात आली होती. मी ते वरिष्ठांच्या नजरेस आणले, तेव्हा १०४ चे १०० करून पाठवा असे सांगण्यात आले. मी केले. चार टक्के बाळे मी खोडरबराने पुसली आणि त्याच गावांत लस न मिळालेली बाळेही असू शकतात, हा विचार त्या शंभराच्या पोटात कायमचा गाडला गेला.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे काम आता जोरात आहे म्हणून त्याचा उल्लेख करतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवून, आणि आमच्या जिल्ह्यात कार्डे वाटली जात आहेत. कार्डांची संख्या दररोज कळते. दुखणे असलेल्या मुलाला हायड्रॉक्सियुरिया हे औषध महिन्यामागून महिना मिळते का आणि ते घेणाऱ्याची रक्ततपासणी होत राहते का, हे कोणत्या रकान्यात लिहायचे, असे मी एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याला विचारले. त्याने मला त्याची स्वतःची वही दाखवली. छापील नमुन्याबाहेरची, शाळेची दोनशेपानी वही, प्रत्येक मुलाला एक पान. अशा वह्या मी नोकरीत असताना "अनधिकृत नोंदी" म्हणून बंद करायला लावल्या आहेत.

पाहणाऱ्यामुळे पाहिले जाणारे बदलते, ही अडचण आम्हालाही सुटलेली नाही. आम्ही बसलो की सिस्टर हात धुतात, आणि त्या हात धुतात म्हणून आम्ही तशी नोंद करतो. यावर आमच्यापुरता एकच तोडगा निघाला आहे: माणसाला न विचारता वस्तूला विचारायचे. साबणाची वडी आठवडाभरात किती झिजली, पट्टीत गोळ्या किती उरल्या, वजनकाट्यावर धूळ आहे का, थर्मामीटर चालू होतो का.

शेवटी पुन्हा झिंककडे येतो, कारण उलट्या प्रवासाचा सर्वांत उपयोगी धडा तिथेच मिळाला. तळोदा तालुक्यातल्या काही घरांत आईने चौदाऐवजी नेमक्या दहा गोळ्या दिल्याचे आढळले. एकीने, दुसरीने, तिसरीनेही. मधेच कंटाळून सोडणाऱ्या बाया अशा एकाच आकड्यावर थांबत नाहीत. मी आमच्या कागदावर "अपूर्ण" लिहीत गेलो आणि चौथ्या घरी पट्टी हातात घेऊन मोजली, तेव्हा कळले की पट्टीच दहा गोळ्यांची होती. त्या बायांनी मिळालेली शेवटची गोळीसुद्धा दिली होती. आशाताईंच्या पिशवीत दहाच्याच पट्ट्या होत्या, उपकेंद्राच्या कपाटातही त्याच. आरोग्य केंद्राच्या भांडारात औषधनिर्माण अधिकाऱ्याने साठ्याची नोंदवही काढून दिली. त्या खेपेला माल दहाच्या पट्ट्यांत आला होता आणि प्रत्येक मुलामागे एक पट्टी या जुन्याच हिशेबाने तो वाटला गेला होता. मी त्यांना विचारले की दुसरी पट्टी कापून चार गोळ्या देता आल्या नसत्या का. ते म्हणाले, आल्या असत्या, पण मग कापलेल्या पट्टीतल्या उरलेल्या सहा गोळ्यांवर मुदत संपण्याची तारीख राहत नाही आणि लेखापरीक्षणात त्या धरल्या जातात.

त्यांचे म्हणणे मी नोंदवून घेतले. घरी परतल्यावर त्या घरांपुढे लिहिलेला "अपूर्ण" हा शेरा खोडला आणि "पुरवठ्याप्रमाणे पूर्ण" असा नवा रकाना हाताने आखला. येत्या होळीनंतरच्या फेरीत तो छापून घेणार आहोत, आणि त्याच्या शेजारी पट्टीतल्या गोळ्यांची संख्या लिहिण्यासाठी एक लहान चौकट ठेवणार आहोत.